झटपटे घरी शिजवतात

झटपट्यांच्या बायकोच्या कमरेत उसण भरली ती नेमकी रविवारी दुपारी, पाहुण्यांसाठी सोफा सरकवताना. संध्याकाळी लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच घरी जेवायला यायची होती, आणि बायको पलंगावर उताणी, गुडघ्यांखाली दोन उशा, मान वळवायची म्हटली तरी जीव जात होता. सोफा खोलीच्या मध्यात तिरका उभा होता तो तसाच राहिला.

"बाहेरून मागवू," छताकडे बघत ती म्हणाली.

"बाहेरून कशाला?" लेक म्हणाली. "बाबा आहे की. मी तिकडे सांगून ठेवलंय, आमच्या घरातला खरा स्वयंपाकी बाबाच आहे म्हणून. त्याचं ते पॅनमधलं पोर्क आणि भाज्या. झटपट होतं."

झटपट्यांनी इथेच नाही म्हणायला हवं होतं. पण लेकीने त्यांच्याकडे इतक्या विश्वासाने पाहिलं, की त्यांची छाती आपोआप पुढे आली आणि तोंडातून निघून गेलं, "त्यात काय मोठंसं."

झटपटे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते दुकानाने दिलं होतं. शहरातल्या एका मोठ्या दुकानात, सरकता जिना वर येऊन संपतो तिथे, त्यांचा ओटा होता. अंगात पांढरा कोट, डोक्यावर उंच टोपी, गालाशी छोटा माईक. कंपनीचा पॅन लोकांनी विकत घ्यावा म्हणून त्यात पोर्कचे तुकडे आणि उन्हाळी भाज्या करून दाखवायच्या, हे त्यांचं काम. "एकच पॅन, एकच चमचा, एकच माणूस. बोलता बोलता जेवण तयार," असं म्हणत ते मनगटाला असा काही झटका देत, की मिरच्या, मका, टोमॅटो सगळं रांगेने हवेत जाई आणि एकही दाणा न सांडता परत पॅनमध्ये येऊन बसे. लोक टाळ्या वाजवत. या उडवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, हे त्यांच्या शत्रूनेही कबूल केलं असतं.

फक्त एक बारीकशी गोष्ट होती. ओट्याखाली कंपनीची पाकिटं असत. पोर्क मऊ शिजवून, वरून भाजून आलेलं असे. भाज्या वाफवून, एकसारख्या चिरून आलेल्या असत. झटपट्यांनी पाकीट फोडायचं, काचेच्या वाडग्यात ओतायचं, गरम करायचं आणि उडवायचं. लोकांना फसवावं असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पाकिटामुळे आपली चिरायची मेहनत वाचते, एवढंच ते समजत. रोज तेच तेच बोलून ते स्वतःच स्वतःचे पक्के गिऱ्हाईक बनले होते. घरी मात्र त्यांनी कधी गॅस पेटवला नव्हता. दिवसभर शिजवूनच येतो, आता घरीही शिजवू का, असं ते म्हणत, आणि बायकोला ते पटे. ती बिचारी दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांची नावं पुकारून यायची आणि या थकलेल्या स्वयंपाक्याला गरम गरम वाढायची.

लेक लहान असताना शाळा सुटल्यावर ओट्यामागच्या स्टुलावर येऊन बसे. ती पॅनकडे बघत नसे, टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे बघे. ते तिचं बघणं झटपट्यांनी आयुष्यभर जपून ठेवलं होतं. पगारवाढ झाली नाही, गुडघे धरले, टोपीखालचे केस गेले, तरी लेकीच्या लेखी आपण कोणीतरी आहोत, या एका गोष्टीवर त्यांचं सगळं चाललेलं होतं.

तर झटपटे खाटकाकडे गेले. खाटकाने विचारलं, कुठला भाग देऊ. पाकिटाने असला प्रश्न कधी विचारला नव्हता. मांडलेल्या मांसात जो तुकडा सगळ्यात रुबाबदार दिसत होता त्याच्याकडे झटपट्यांनी बोट दाखवलं. तो खांदा होता, हाडासकट. खाटकाने सुरी हातात घेऊन विचारलं, किती वेळ शिजवणार.

"झटपट," झटपटे म्हणाले.

खाटकाची सुरी जागच्या जागी थांबली. त्याने त्यांना एकदा नीट पाहून घेतलं.

"खांदा आहे, साहेब," तो हळू आवाजात म्हणाला.

"दिसतोय मला," झटपटे म्हणाले. मागे रांग होती, त्यामुळे खाटकाने जास्त बोलायचं टाळलं आणि चांगले मुठीएवढे तुकडे करून दिले. भाज्या झटपट्यांनी रंगावर घेतल्या. हिरवी झुकिनी, लाल आणि पिवळी भोपळी मिरची, फरसबी, जांभळं वांगं, रसरशीत टोमॅटो आणि मक्याची कणसं. पिशवी इतकी देखणी दिसत होती की वाटेत दोघांनी वळून पाहिलं.

घरी आल्यावर त्यांनी सगळं चिरलं. चिरताना तुकडे एकसारखे काही होईनात. कणसावर तर सुरीच चालेना, तेव्हा त्यांनी ते गुडघ्यावर मोडलं. मग वाडगे ओळीने मांडले, पांढरा कोट चढवला आणि ते ओट्याशी हात बांधून उभे राहिले. आतून बायकोने विचारलं, "अहो, मांस चढवलंत का?"

"लोक येऊ देत."

"कुठले लोक?"

"व्याही, विहीणबाई. गर्दी जमल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही, धंद्याचा नियमच आहे. आधी शिजवून ठेवलं तर बघतील काय?"

"अहो, ती माणसं जेवायला येताहेत," बायको म्हणाली, "पॅन विकत घ्यायला नाही."

झटपट्यांनी हे कानाआड केलं. या धंद्यातलं आपल्याला जास्त कळतं, असं त्यांना वाटलं, आणि पाहुणे दारात येईपर्यंत ते तसेच उभे राहिले.

पाहुणे आले. व्याही लिफ्ट तपासणारे होते. धिप्पाड, मोठ्या आवाजाचे, आणि कुठलीही गोष्ट चालते कशी हे उघडून बघितल्याशिवाय चैन न पडणारे. आल्या आल्या त्यांनी झटपट्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. तुमच्या दुकानाच्या लिफ्टा मीच तपासतो, तुमचा खेळ मी लपूनछपून कितीदा पाहिलाय, असं ते म्हणाले. विहीणबाई शाळेत भूगोल शिकवत. त्या फारसं बोलल्या नाहीत. त्यांनी झटपट्यांच्या कोटाकडे पाहिलं, मग पॅनकडे पाहिलं, आणि नकाशावर गाव सापडत नसल्यासारख्या दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिल्या. होणारा जावई चष्म्याच्या काचा घासायचं काम करायचा. तो लेकीशेजारी उभा राहिला, आणि संध्याकाळभर त्याने एवढंच केलं.

बायकोने पलंगावरूनच सगळ्यांचं स्वागत केलं. मग सगळे स्वयंपाकघराच्या दारात जमले आणि झटपट्यांच्या अंगात दुकान संचारलं. "नमस्कार मंडळी," असं ते स्वतःच्या व्याह्यांना म्हणाले. गॅस पेटला, तेल तापलं, एका वाडग्यापाठोपाठ दुसरा वाडगा पॅनमध्ये गेला. दुकानात हे सगळं मूठभर असे. इथे पाच-सहा माणसांचं जेवण होतं, त्यामुळे पॅनमध्ये डोंगर झाला. झटपट्यांनी दोन्ही पाय रोवले, "एकच पॅन, एकच चमचा," म्हणत दांडा धरला आणि मनगटाला झटका दिला.

डोंगर जागचा हलला नाही. दुसऱ्या झटक्याला मात्र तो सगळाच्या सगळा निघाला. बराचसा धपकन परत पॅनमध्ये पडला, पण फरसबी दिव्याला लागली, मक्याचा एक तुकडा फुलदाणीत गेला, वांग्याची फोड विहीणबाईंच्या पायाशी येऊन पडली. व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. लेकीनेही वाजवल्या, पण जरा उशिराने. विहीणबाईंनी खाली वाकून वांग्याची फोड उचलली, तिची कच्ची कड नखाने दाबून पाहिली आणि ती ओट्यावर ठेवली.

दुकानात या टप्प्याला झटपटे टूथपिकला एक तुकडा टोचून समोरच्या गिऱ्हाइकाला चाखायला देत. हात सवयीने तसाच चालला. टूथपिक कुठली शिरते, शेवटी त्यांनी काटा घेतला, एक तुकडा कसाबसा टोचला आणि व्याह्यांपुढे धरला. व्याह्यांनी तोंड उघडलं.

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या. "अजून व्हायचं असेल."

"तू गप्प बस गं," व्याही म्हणाले. "ते रोज करतात."

तेवढ्यात झटपट्यांना काट्याच्या टोकाशी तुकड्याचा आतला भाग दिसला. तो गुलाबी होता, मधोमध तर चक्क लाल होता. व्याह्यांचे दात तुकड्याला लागणार एवढ्यात त्यांनी काटा ओढून घेतला. "हा दाखवायचा तुकडा आहे," ते म्हणाले. "खायचे वेगळे." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी गिऱ्हाइकाच्या तोंडचा घास काढला होता. त्यांचे कान गरम झाले. पुढचं गुपित आहे, ते कोणाला दाखवत नाही, असं सांगून त्यांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत पाठवलं आणि दार लावून घेतलं. व्याही जाताना म्हणाले, बरोबर आहे, प्रत्येक धंद्यात एक बंद दार असतंच.

बंद दाराआड झटपटे पॅनपुढे एकटे उरले. टोमॅटोंनी पाणी सोडलं होतं. झुकिनीचा गाळ होत आला होता, आणि या सगळ्यात मांसाचे तुकडे जसे खाटकाकडून आले तसे थंडपणे बसून होते. दुकानात या वेळेपर्यंत चार पॅन विकून झाले असते. हे असं का होतंय, हेच त्यांना कळेना. आणि मग कळलं, एकदम, पाकिटावरची कधीच न वाचलेली ओळ डोळ्यांसमोर आल्यासारखं. मांस शिजवलेलं असायचं. ते आपण शिजवतच नव्हतो. इतकी वर्षं आपण काय करत होतो, या विचाराने ते क्षणभर ओट्याला धरून उभे राहिले. मग त्यांना बाहेरून लेकीचा आवाज ऐकू आला. बाबाच्या हाताला चव कशी आहे, ते ती सासूला सांगत होती.

ते तडक बायकोकडे गेले. तिची खोली बैठकीच्या खोलीला लागूनच होती आणि दार उघडं होतं. "पाणी हवंय का?" असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "मांस कच्चं आहे."

"कुठला भाग आणलात?"

"खांदा."

बायकोने डोळे मिटले. "हाडासकट?"

"हाडासकट."

"भाज्या बाजूला काढा," मिटल्या डोळ्यांनीच ती कुजबुजली. "कुकर वरच्या फळीवर आहे."

भाज्या बाजूला काढायच्या तर पातेलं हवं. मका अजून टणक होता, त्याला दुसरं पातेलं. झुकिनीचं पाणी गाळायला चाळणी आणि चाळणीखाली कढई. फरसबी वेगळी वाफवा, असं बायकोने दुसऱ्या खेपेला सांगितलं, तेव्हा झटपटे "पांघरूण नीट करू का?" म्हणून गेले होते. तिसऱ्या खेपेला "उशी बदलू का?" आणि वांग्यासाठी दुधाचं भांडं. दर वेळी व्याह्यांनी हे पाहिलं आणि विहीणबाईंना दाखवलं. किती जपतात बघ, असं ते म्हणाले. स्वयंपाक करता करता आजारी बायकोची एवढी काळजी घेणारा माणूस आपण पाहिला नाही, असं त्यांनी जावयालाही ऐकवलं. लेकीचा चेहरा नुसता फुलून आला होता. झटपट्यांना तिच्याकडे बघवेना. न केलेल्या स्वयंपाकाचं श्रेय पचवणं त्यांना रोजचं होतं, पण न केलेल्या मायेचं श्रेय घशाखाली उतरेना.

कुकरला शिट्टी असते, हे त्यांच्या लक्षात पहिली शिट्टी झाल्यावरच आलं. एका पॅनच्या जेवणात कुकरची शिट्टी म्हणजे उघड उघड चोरी पकडली जाणं. दुसऱ्या शिट्टीच्या वेळी ते तयार होते. ती सुरू झाली तशी ते जोराने खोकले. तिसऱ्यालाही खोकले. बाहेरून व्याह्यांनी विचारलं, खोकला बराच दिसतो, आत येऊन पाठ चोळून देऊ का. झटपट्यांनी दाराला पाठ लावली आणि पुढची शिट्टी व्हायच्या आत, नको, तेलाचा ठसका आहे, असं ओरडून सांगितलं. मग पुन्हा खोकावं लागलं.

अखेर मांस शिजलं. शिजलं म्हणजे हाडावरून सुटून दोरे दोरे झालं, पण कच्चं राहिलं नाही. झटपट्यांनी सगळं पुन्हा पॅनमध्ये जमवलं आणि मागे वळून पाहिलं. ओट्यावर, जमिनीवर, खुर्चीवर भांडी होती. घरातलं एक पातेलं कोरडं राहिलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावरून स्वयंपाकघर सरळ दिसायचं, आणि या पसाऱ्यात "एकच पॅन" म्हणायची कोणाची छाती झाली असती? त्यांनी पांढऱ्या कोटाच्या बाह्या सरसावल्या, मागच्या दाराने खेपा घातल्या आणि कुकरपासून चाळणीपर्यंत सगळा संसार न्हाणीघरातल्या टबात रचला. वर पडदा ओढला. मग पॅन घेऊन बाहेर आले.

पॅन टेबलावर आला तेव्हा व्याही उठून उभेच राहिले. "एवढं सगळं, एका पॅनमध्ये," असं म्हणून त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी एक घास खाल्ला, सावकाश चावला आणि हात धुवायला म्हणून त्या उठल्या. न्हाणीघर तिकडे, असं लेकीने सांगितलं. झटपट्यांचा घास तोंडातच राहिला. त्यांना जा म्हणवेना, नको म्हणवेना.

थोडा वेळ काही झालं नाही. मग न्हाणीघरातून आधी एक झाकण पडल्याचा, मग सगळं एकापाठोपाठ एक घसरल्याचा आवाज आला. चाळणी बराच वेळ गोल गोल फिरत राहिली.

"शेजारी," झटपटे म्हणाले. "दर रविवारी त्यांचं असंच असतं."

विहीणबाई परत आल्या, खुर्ची ओढून बसल्या. आता सगळं संपलं, असं झटपट्यांना वाटलं. लग्न मोडलं, लेक तोंड बघायची नाही, दुकानात बातमी जाईल. पण बाईंनी ताट पुढे केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अजून थोडं वाढा." मग त्या अशा जेवल्या, की त्यांना सकाळपासून उपाशी ठेवलं असावं असं वाटलं. हे झटपट्यांना रागावण्यापेक्षाही भयंकर वाटलं.

पोट भरल्यावर व्याही रंगात आले. त्यांनी एक गंमत सांगायला घेतली. गेल्या वर्षी, झटपट्यांचा खेळ बघून, त्यांनीही तो पॅन घरी नेला होता. बायकोला सांगितलं होतं, तो माणूस बोलता बोलता करतो, तूही कर. आणि ही काय करते, तर सबंध संध्याकाळ स्वयंपाकघरात. पाहुणे ताटकळलेले, मांस चिवट, भाज्यांची लापशी. व्याही हसता हसता टेबलावर थाप मारत होते. ऑफिसात सांगितलं की लोक अजून पोट धरून हसतात, असं ते म्हणाले. तिच्या शाळेच्या समारंभात मुख्याध्यापिकांनासुद्धा सांगितलं होतं. लेक हसली. बाबाच्या तोडीचं कोणाला जमणार, असं काहीसं तीही म्हणाली.

विहीणबाई ताटाकडे बघत होत्या. त्यांनी मघाशी पाहिलेलं सगळं सांगून टाकायला हरकत नव्हती. त्या बोलल्या नाहीत. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या, आणि हे झटपट्यांना दिसलं. दुकानात त्यांना पहिल्या रांगेतले चेहरे दिसायचे, पॅनची खोकी काखेत मारून सरकत्या जिन्याने खाली जाणाऱ्या पाठी दिसायच्या. पुढे घरी काय होतं ते कधी दिसलं नव्हतं. ते आज त्यांच्याच टेबलाशी, त्यांच्यासमोर मान खाली घालून बसलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की पांढरा कोट अंगाला चावायला लागला.

"व्याही," ते म्हणाले, "ते मी करत नाही."

"काय करत नाही?"

"स्वयंपाक. दुकानात मांस शिजवलेलं येतं. पाकिटात. मी नुसतं गरम करतो आणि उडवतो."

व्याही त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचे डोळे भरून आले. "बघ," ते बायकोला म्हणाले, "याला म्हणतात मोठेपणा. तुला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस स्वतःकडे कमीपणा घेतोय."

झटपट्यांनी पुन्हा सांगितलं. आजचंही धड आलं नव्हतं, कुकर लावला, खोकला खोटा होता, शेजारी कोणी राहतच नाही. जितकं जास्त सांगावं तितकी व्याह्यांची मान आदराने जास्त हलू लागली. खरा कलावंत असाच बोलतो, असं त्यांनी जावयाच्या पाठीवर थोपटत सांगितलं. आता आणखी कशाची कबुली द्यावी, हे झटपट्यांना सुचेना.

तेव्हा विहीणबाई उठल्या. "चला," त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि त्याला दंडाला धरून न्हाणीघराकडे घेऊन गेल्या. पडदा सरकल्याचा आवाज आला. लिफ्ट तपासणारा माणूस बिघाडाचं कारण सापडल्यावर जसा गप्प होतो, तसे व्याही गप्प झाले असावेत. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कुकरचं झाकण होतं. ते कुठे ठेवावं हे न सुचून त्यांनी ते मांडीवर घेतलं.

"वर्षभर," विहीणबाई म्हणाल्या, आणि कोणाकडे बघून म्हणाल्या हे सांगता आलं नसतं, "मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. हे घरी नसताना मी पुन्हा पुन्हा करून बघायचे. आणि टाकून द्यायचे."

आतल्या खोलीत पलंग कुरकुरला.

"चुकलं माझं," व्याही झाकणाकडे बघत म्हणाले. हे वाक्य त्यांना सवयीचं नसावं, कारण ते म्हणून झाल्यावर त्यांनी नीट म्हटलं का ते बघायला आजूबाजूला पाहिलं.

"विहीणबाई, चूक माझी आहे," झटपटे म्हणाले. "मला माफ करा. मला तोंड दाखवायला जागा नाही."

"माफी राहू दे," त्या म्हणाल्या. "तो टब बघितला आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. लग्नाचं काय ते ठरवून टाका. हे घर मला आवडलं."

त्यावर सगळे एकदम बोलायला लागले, आतून बायकोनेही तारखेबद्दल काहीतरी ओरडून सांगितलं. एकटी लेक गप्प होती. झटपट्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि रिकामा पॅन उचलला. ती त्यांच्यामागे स्वयंपाकघरात आली.

"म्हणजे मी लहानपणी स्टुलावर बसून खायचे ते?"

"पाकिटातलं," झटपटे म्हणाले. त्यांनी नळ सोडला, कारण हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"उडवत मात्र तूच होतास ना?"

"हो," ते म्हणाले. "उडवत मीच होतो."

ती हसली की नाही ते त्यांना दिसलं नाही, कारण त्यांनी मान वर केली नव्हती. तिने त्यांच्या हातातला पॅन घेतला आणि त्यांना टबातली भांडी आणायला पाठवलं.

निघताना विहीणबाईंनी दारात सगळ्यांना पुढच्या रविवारचं आमंत्रण दिलं. झटपट्यांच्या बायकोची कंबर तोवर बरी होईल, सगळ्यांनीच या. "जेवण हे करणार आहेत," नवऱ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "त्या पॅनमध्ये. बोलता बोलता." आणि मुलाला घेऊन त्या लिफ्टमध्ये शिरल्या.

व्याही मागे रेंगाळले. त्यांनी रुमाल राहिल्याचं निमित्त केलं, रुमाल खिशातच होता. झटपट्यांना भिंतीशी घेऊन, आवाज शक्य तितका खाली आणून ते म्हणाले, आता दोघेच आहोत, आता मोठेपणा पुरे. नुसतं एवढंच सांगा, मांस आधी किती वेळ शिजवायचं.

इतक्या वर्षांत कुठल्याही प्रश्नाला झटपट्यांकडे उत्तर नव्हतं असं झालं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, सवयीने हातही वर गेला. मग तो त्यांनी खाली घेतला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "देवाशपथ माहीत नाही."

व्याह्यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. या वेळी त्यांचा विश्वास बसला. लिफ्ट त्यांच्यासाठी पुन्हा वर येऊन उघडी उभी होती, पण खाली पोचायची घाई नसल्यासारखे ते तिच्याकडे न बघता जिन्याने, एकेक पायरी सांभाळत, खाली उतरू लागले.